रात्री ओले होणारे अंथरूण आणि दिवसा करायची कामे

चार वर्षांच्या मुलाने झोपेत लघवी केली, तर घरात कोणी ते फारसे मनावर घेत नाही. तेच मूल नऊ-दहा वर्षांचे झाले आणि तरीही आठवड्यातून तीन-चार वेळा गादी उन्हात टाकावी लागत असेल, तर मात्र घरातला सूर बदलतो. आजी म्हणते, याच्या बापाचेही असेच होते, मोठा झाला की थांबेल. आई रात्री उठून उठून थकलेली असते. वडिलांना हा निव्वळ आळस वाटतो. मुलाला काय वाटते, हे बहुधा कोणी विचारलेलेच नसते. ते मामाकडे मुक्कामाला जाणे टाळू लागते, सहलीची चिठ्ठी दप्तरातच ठेवते, आणि लग्नघरात सगळी भावंडे एका ओळीत गाद्या घालून झोपायला लागली की पोट दुखते असे सांगून घरी परतण्याचा हट्ट धरते.

मूल पाच वर्षांचे झाल्यानंतरही झोपेत नकळत लघवी होत राहिली, तर त्याला शय्यामूत्र म्हणतात. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत आढळलेले प्रमाण साधारण सारखे आहे: पाचव्या वर्षी शंभरातली सुमारे १५ मुले, सातव्या वर्षी १०च्या आसपास, दहाव्या वर्षी ५ आणि पंधराव्या वर्षी एक किंवा दोन. म्हणजे चौथी-पाचवीच्या पन्नास मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले सहज असू शकतात, फक्त त्यांना एकमेकांची खबर नसते. मुलींपेक्षा मुलग्यांत हा त्रास जास्त दिसतो. कोणताही उपचार न घेता दरवर्षी यातल्या सुमारे १५ टक्के मुलांचा त्रास आपोआप थांबतो, त्यामुळे आजीचे म्हणणे अगदीच खोटे नाही. अडचण एवढीच की आपले मूल त्या पंधरा टक्क्यांत यंदा येईल की चार वर्षांनी, हे आधी कोणालाच सांगता येत नाही, आणि जवळजवळ रोज अंथरूण ओले होणाऱ्या मुलांचा त्रास आपोआप थांबण्याची शक्यता अधूनमधून होणाऱ्यांपेक्षा कमी असते. दहा वर्षांच्या मुलाला ‘अजून थोडी वर्षे कळ काढ’ असे सांगणे हा काही उपाय नव्हे.

झोपेत नेमके काय घडते

रात्रभर कोरडे राहण्यासाठी शरीराला तीन गोष्टी जमाव्या लागतात: रात्री लघवी कमी तयार होणे, तयार झालेली लघवी मूत्राशयात शांतपणे मावणे, आणि ती मावेनाशी झाली तर झोपेतून जाग येणे.

पहिली गोष्ट मूत्रपिंडांकडे आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात येते आणि त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. बहुतेकांच्या शरीरात रात्री त्याचे प्रमाण वाढते, म्हणून रात्रीची लघवी कमी आणि दाट असते. शय्यामूत्राचा त्रास असलेल्या काही मुलांत रात्रीची ही वाढ होत नाही आणि मूत्रपिंडे रात्रीही दिवसासारखीच भरपूर, पातळ लघवी तयार करत राहतात, हे डेन्मार्कमधील संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवले. अशा मुलाचे अंथरूण चिंब भिजते आणि डागाचा रंग जवळजवळ पाण्यासारखा फिका असतो.

दुसरी गोष्ट मूत्राशयाची. मुलाच्या वयात एक मिळवून त्याला ३०ने गुणले की त्या वयाच्या मूत्राशयात साधारण किती मिलिलिटर लघवी मावायला हवी ते कळते. बारा वर्षांपर्यंत हे सूत्र चालते आणि दहा वर्षांच्या मुलासाठी उत्तर येते ३३० मिलिलिटर. काही मुलांचे मूत्राशय दिसायला अगदी नेहमीसारखे असते, पण त्याचे स्नायू अर्धवट भरल्यावरच आकुंचन पावू लागतात. अशी मुले दिवसाही ओळखू येतात. खेळता खेळता एकदम थबकणे, पायाला पाय घट्ट आवळून उभे राहणे, किंवा उकिडवे बसून टाचेवर अंगाचा भार टाकणे, ही सगळी आलेली लघवी दाबून धरण्याची धडपड असते. घरातल्यांना ती मुलाची लकब वाटते.

तिसरी गोष्ट जाग येण्याची. ‘आमचा फारच गाढ झोपतो, उचलून नेला तरी कळत नाही,’ हे वाक्य डॉक्टरांना रोज ऐकू येते आणि त्यात तथ्य आहे. मात्र झोपेच्या अभ्यासात एक वेगळीच बाब पुढे आली: यातल्या अनेक मुलांची झोप प्रत्यक्षात वारंवार चाळवलेली असते, तरीही ती पूर्ण जागी होत नाहीत. रुळांलगतच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला जसे लोकलचे येणे-जाणे ऐकू येईनासे होते, तसे मूत्राशयाकडून रात्रभर येणाऱ्या इशाऱ्यांना मेंदू हळूहळू दाद देईनासा होतो, असे संशोधकांना वाटते. जाग न येणे ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक मुलात असते, आणि जादा लघवी किंवा चुळबुळे मूत्राशय यांपैकी एक किंवा दोन्ही तिच्या जोडीला असतात. जोडी कोणती, हे ठरले की उपचार निवडणे सोपे जाते.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास झालेला असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४०-४५ टक्के असते, आणि दोघांनाही झालेला असेल तर ती ७५ टक्क्यांच्या वर जाते. १९९५ मध्ये डेन्मार्कमध्येच काही कुटुंबांच्या अभ्यासातून १३व्या गुणसूत्राशी याचा संबंध दिसून आला. तेव्हा ज्या वडिलांना हा आळस वाटतो, त्यांनी आपल्या आईला एकदा आपल्या लहानपणाबद्दल विचारून पाहावे. ‘मलाही आठवीपर्यंत व्हायचे,’ हे वडिलांच्या तोंडून ऐकल्यावर मुलाच्या मनावरचे ओझे जितके उतरते, तितके इतर कोणाच्याही समजावण्याने उतरत नाही.

जे झोपेत आणि नकळत घडते, त्यात आळस, हट्ट किंवा सूड यांपैकी काहीच शक्य नसते. मनावरच्या ताणामुळे मूल अंथरूण ओले करते असा समज फार पसरलेला आहे, परंतु लहानपणापासून हा त्रास असलेल्या मुलांत बहुतेक वेळा उलटा क्रम दिसतो: आधी अंथरूण ओले होते, मग बोलणी आणि चेष्टा सुरू होते, आणि ताण त्यातून येतो. म्हणून रागावणे किंवा चारचौघांत सांगणे हे नुसते निरुपयोगी नाही, त्याने उपचारही लांबतात, कारण पुढे जे काही करायचे आहे ते मुलाच्या सहकार्यावाचून होणारे नाही.

वाट न पाहता तपासून घ्यावे असे काही

बहुतेक मुलांना डॉक्टरांची सविस्तर विचारपूस, अंगाची तपासणी आणि लघवीची एक साधी चाचणी पुरते, सोनोग्राफी सर्वांना लागत नाही. काही खुणा मात्र वेगळ्या आहेत.

जे मूल सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण कोरडे राहिले आणि मग पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याचा विचार निराळा करावा लागतो. नवे भावंड, घर किंवा शाळा बदलणे, घरातले भांडण किंवा मृत्यू असे काही अलीकडे घडले आहे का ते पाहावे. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा जागेला मूल अचानक घाबरू लागले असेल, तर लैंगिक अत्याचाराची शक्यताही मनात ठेवावी. मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. त्याच वेळी मुलाला सारखी तहान लागत असेल, वजन उतरले असेल आणि ते थकल्यासारखे दिसत असेल, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी, कारण मुलांमधला मधुमेह काही वेळा अशा ओल्या अंथरुणातूनच पहिल्यांदा लक्षात येतो आणि तिथे चार दिवसांची दिरंगाईही जिवावर बेतू शकते.

लघवी करताना जळजळ होणे, लघवीत रक्त दिसणे, मुलग्याची धार बारीक असणे किंवा त्याला जोर लावावा लागणे, पाठीच्या खालच्या टोकाला केसांचा झुपका किंवा खळगा असणे, पायांत अशक्तपणा असणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी व्हायलाच हवी. एखादी मुलगी नियमित लघवीला जाते आणि तरीही तिची चड्डी दिवसभर थेंबथेंब ओलीच राहते, अशी तक्रार असेल तर मूत्रवाहिनी जन्मतः भलत्याच जागी उघडत असण्याची शक्यता असते, आणि ते शस्त्रक्रियेने बरे होते. रात्री जोरात घोरणाऱ्या, तोंड उघडे टाकून झोपणाऱ्या मुलाच्या घशातल्या गाठी तपासाव्यात. झोपेत श्वास अडत असेल तर शय्यामूत्राचा त्रास वाढतो आणि गाठींवरच्या उपचारानंतर काही मुलांत तो थांबतोही.

सुट्टीचे दोन दिवस आणि मापाचा पेला

औषध किंवा चड्डी ओली होताच वाजणारा अलार्म यांच्या आधी जी गोष्ट करायची, तिला खर्च जवळजवळ नाही, आणि माझ्या मते बहुतेक घरांत नेमकी तीच राहून जाते. ती म्हणजे मोजणी. शनिवार-रविवार असे दोन दिवस मुलाने प्रत्येक वेळी मापाच्या पेल्यात लघवी करायची आणि वेळ व मिलिलिटर वहीत लिहायचे. शेजारच्या रकान्यात काय आणि किती प्यायले तेही लिहायचे. दहा वर्षांचे मूल हे स्वतः करू शकते आणि बहुधा आवडीने करते, कारण या प्रश्नात पहिल्यांदाच त्याच्या हाती काही काम आलेले असते.

रात्रीचे माप घ्यायचे असेल तर काही रात्री मोठ्या आकाराचा डायपर घालावा, सकाळी तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलावा, कोरड्या डायपरचे वजन वजा करावे आणि उठल्यावर केलेली पहिली लघवी त्यात मिळवावी. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर. दहा वर्षांच्या मुलाची ही बेरीज सुमारे ४३० मिलिलिटरच्या वर जात असेल, तर रात्री लघवी जास्त तयार होते आहे असे समजावे. उलट, सकाळची पहिली सोडून दिवसभरातली सर्वांत मोठी लघवीसुद्धा २१५च्या पुढे जात नसेल, तर मूत्राशयाची धारणशक्ती कमी आहे.

मात्र आकड्यांपेक्षाही वही अधिक बोलते. शाळेच्या एका दिवसाची नोंद पुढच्यासारखी असू शकते. सकाळी साडेसहाला उठल्यावर लघवी. शाळेत एकदाही नाही, कारण तिथल्या स्वच्छतागृहाला कडी नाही आणि पाणी नसते. पाण्याची बाटली दुपारी अर्ध्याहून जास्त भरलेली परत. दीड वाजता घरी आल्यावर दप्तर दारात टाकून धावत संडास, तोवर चड्डी थोडी ओली. संध्याकाळी खेळून आल्यावर दोन-तीन पेले पाणी, जेवणात पापड आणि लोणचे, साडेनऊला कपभर दूध, दहाला झोप. म्हणजे दिवसाचे बहुतेक पाणी संध्याकाळी पाचनंतर पोटात गेले आणि मूत्राशयाला सात तास दाबून धरण्याची सवय लावली गेली. अशा वहीच्या आधारावर निम्मा उपचार ठरून जातो.

दिवसाची कामे

पाणी कमी करणे हा घराघरांत पहिला सुचणारा उपाय, पण दिवसभराचे पाणी कमी केल्याने काही साधत नाही. बदलायची असते ती वेळ. दिवसभरातल्या एकूण पेयांपैकी साधारण ४० टक्के सकाळी, ४० टक्के दुपारी आणि उरलेले २० टक्के संध्याकाळनंतर, असा बेत ठेवावा. शाळेच्या बाटलीतले पाणी शाळेतच संपले पाहिजे, आणि ते संपायचे तर मुलाला लघवीला जाऊ दिले पाहिजे. केरळमधील शाळांत २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा देण्याची पद्धत सुरू झाली, पण घंटेइतकीच कडी लागणाऱ्या दाराचीही गरज असते. वर्गशिक्षकांना एकांतात भेटून ‘डॉक्टरांनी दर दोन-तीन तासांनी जायला सांगितले आहे’ एवढेच सांगितले तरी पुरते. रात्रीचा तपशील त्यांना देण्याची गरज नाही. लघवीची घाई होईपर्यंत न थांबता, दिवसात सहा-सात वेळा ठरावीक अंतराने जायचे आणि झोपण्यापूर्वी अगदी शेवटचे काम म्हणून पुन्हा एकदा जायचे, हा नियम मुलाच्या अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात.

आता रात्रीचे दूध. मराठी घरात झोपताना दूध पिणे हे मुलाच्या तब्येतीसाठी आवश्यक मानले जाते, त्यामुळे ते बंद करा म्हटले की आजी आणि आई दोघी एकत्र विरोधात उभ्या राहतात. बंद करण्याची गरज नाही, ते सकाळी किंवा शाळेतून आल्यावर द्यावे. कारण असे की पाण्याबरोबर मीठ आणि प्रथिने पोटात गेली की त्यांचे टाकाऊ घटक बाहेर काढायला मूत्रपिंडांना जास्त लघवी तयार करावी लागते. त्याच कारणाने रात्रीच्या जेवणात पापड, लोणचे, फरसाण, नूडल्स यांचे प्रमाण कमी ठेवावे आणि जेवण झोपेच्या किमान दोन तास आधी उरकावे. संध्याकाळचा चहा, कोला आणि चॉकलेटची पेये बंद करावीत.

पण दिवसाच्या कामांत मी सर्वांत वरचा क्रम बद्धकोष्ठाला देईन. मलाशय आणि मूत्राशय ओटीपोटात एकमेकांना खेटून असतात. मलाशयात जुना, घट्ट मळ साठून राहिला की ते फुगते, मूत्राशयाला पुढे रेटते, त्याची जागा कमी करते आणि त्याच्या नसांना चाळवत राहते. ‘रोज होते की,’ असे पालक सांगतात तेव्हाही बद्धकोष्ठ असू शकते, कारण रोज थोडेसेच बाहेर येते आणि बाकीचे आत राहते. खडे-खडे होणे, फार जाड मळ होणे, संडासात पंधरा-वीस मिनिटे बसावे लागणे, चड्डीला डाग लागणे, या त्याच्या खुणा आहेत. दहा वर्षांच्या मुलाच्या संडासात आता सहसा कोणी डोकावत नाही, म्हणून त्यालाच मोकळेपणाने विचारावे लागते. साचलेला मळ आधी बाहेर काढण्यासाठी आणि मग काही महिने मऊ ठेवण्यासाठी डॉक्टर औषध देतात. ते पालकांनी घाबरून आठवड्याभरात बंद करू नये. त्याच्या जोडीला मैद्याची बिस्किटे कमी आणि भाकरी, पालेभाज्या, उसळी, फळे जास्त, हा बदल हवा. नाश्त्यानंतर दहा मिनिटे निवांत बसण्याची सवय लावावी. कमोडवर मुलाचे पाय अधांतरी लोंबकळत असतील, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडत नाहीत, म्हणून पायांखाली एक बुटके स्टूल किंवा पाट ठेवावा. भारतीय पद्धतीच्या संडासात हा प्रश्न येत नाही. बद्धकोष्ठ नीट बरे केल्यावर काही मुलांचे अंथरूण इतर कोणत्याही उपचाराविना कोरडे राहू लागते.

रात्री दोन वाजता मुलाला उचलून संडासात नेण्याबद्दल थोडेसे. त्याने चादर वाचते, मूल शिकत काही नाही. ते अर्धवट झोपेतच लघवी करते, म्हणजे झोपेत लघवी करण्याचाच सराव होतो, फक्त जागा बदलते. परीक्षेच्या काळात किंवा पाहुण्यांकडे असताना गरज म्हणून तसे करायला हरकत नाही, पण तो उपचार आहे असे समजू नये. काळे तीळ आणि गूळ खाऊ घालण्याचा घरगुती उपाय महाराष्ट्रात अनेकजण करतात. तीळगुळाने अपाय नाही, पण त्याने अंथरूण कोरडे राहते याला आधार सापडत नाही. ताईत-गंड्यांबाबत तेही म्हणता येत नाही, कारण त्यात मुलाला आपल्यात काहीतरी बाधा आहे असे वाटू लागते.

बक्षिसाचा मोह अनेकांना होतो: सात रात्री कोरडे राहिलास तर सायकल. मुलाच्या हातात नसलेल्या गोष्टीवर लावलेली ही पैज असते आणि ते ती हरते. बक्षीस द्यायचेच तर जे त्याच्या हातात आहे त्याला द्यावे. बाटली संपवली, झोपण्यापूर्वी लघवीला गेला, सकाळी ओली चादर स्वतः काढून बादलीत टाकली, यासाठी कौतुक व्हावे. चादर काढणे ही शिक्षा म्हणून सांगू नये, आपली गोष्ट आपण सांभाळायची एवढ्याच अर्थाने सांगावी. गादीवर मेणकापड किंवा वॉटरप्रूफ कव्हर आणि त्यावर चादर असे दोन थर एकावर एक घालून ठेवले, तर रात्री वरचा थर काढला की काम भागते आणि घरातल्या कोणाला उठवावे लागत नाही.

अलार्म

दिवसाची कामे महिना-दोन महिने नीट करूनही फरक पडला नाही, तर दोन उपचार आहेत ज्यांना भक्कम आधार आहे: अलार्म आणि डेस्मोप्रेसिन हे औषध.

अलार्मची कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ फाउंडलर यांनी १९०४ मध्ये रुग्णालयातल्या परिचारिकांना अंथरूण ओले झाल्याचे कळावे म्हणून विजेची घंटा बसवली, आणि काही मुले त्यामुळे कोरडी राहू लागल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेतील माउरर दांपत्याने तिचा उपचार म्हणून पद्धतशीर वापर केला. आजचा अलार्म काड्यापेटीएवढा असतो, तो खांद्याजवळ सदऱ्याला लावतात आणि त्याचा सेन्सर चड्डीला. पहिले थेंब पडताच तो वाजतो किंवा थरथरतो.

यातली मेख अशी की पहिले काही आठवडे अलार्मने सगळे घर जागे होते आणि मूल मात्र झोपलेलेच राहते. एका खोलीत पाच माणसे झोपत असतील तर हे किती जड जाते, याचा विचार आधीच करावा. पालकांपैकी एकाने उठायचे, मुलाला पूर्ण जागे करायचे आणि अलार्म त्यालाच बंद करायला लावायचा. तो आपण बंद केला तर सगळी मेहनत वाया जाते. मग मुलाने संडासात जाऊन उरलेली लघवी करायची, कपडे बदलायचे, सेन्सर पुन्हा लावायचा. मूल खरोखर जागे आहे का हे पाहण्यासाठी झोपताना एक शब्द ठरवावा आणि रात्री तो विचारावा. तो सांगता आला नाही तर ते अजून झोपेतच आहे. सुरुवातीची सुधारणा कोरड्या रात्रींत मोजायची नसते. डाग लहान होणे, अलार्म उशिरा वाजणे, मुलाला स्वतः ऐकू येणे, ही प्रगतीची पहिली चिन्हे आहेत. चार आठवड्यांत यांपैकी एकही दिसले नाही तर डॉक्टरांशी बोलून उपचार बदलावा. चिन्हे दिसली तर सलग चौदा रात्री कोरड्या जाईपर्यंत चालू ठेवावा, आणि त्याला साधारण दोन ते चार महिने लागतात. नेटाने वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुले कोरडी होतात. विशेष म्हणजे त्यांतली बहुतेक पुढे रात्री उठून संडासात जातच नाहीत, सकाळपर्यंत सलग झोपतात. बंद केल्यावर काही मुलांना त्रास पुन्हा सुरू होतो, आणि अलार्म पुन्हा लावला की बहुधा आधीपेक्षा लवकर थांबतो.

डेस्मोप्रेसिनची गोळी

डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनसारखे काम करणारे औषध आहे. त्यामुळे ज्या मुलाच्या वहीत रात्रीची लघवी जास्त दिसते आणि मूत्राशय वयाप्रमाणे आहे, त्याला ते अधिक लागू पडते. झोपण्याच्या सुमारे तासभर आधी घ्यायच्या या गोळीचा परिणाम पहिल्या रात्रीपासून दिसू शकतो. सुमारे एक-तृतीयांश मुले तिच्यावर पूर्ण कोरडी राहतात आणि आणखी काहींना अंशतः फायदा होतो. गोळी थांबवली की त्रास अनेकदा परत येतो, म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करतात आणि दर तीन महिन्यांनी काही दिवस थांबवून पाहतात.

या औषधाची एक अट पालकांनी पाठ करून ठेवावी. गोळी घेण्याच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास मुलाने जवळजवळ काही प्यायचे नाही, फार तर गोळीबरोबर घोटभर पाणी. मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकत नसताना वरून पाणी पीत राहिले, तर रक्तातील सोडियम उतरते. डोकेदुखी, मळमळ, उलटी आणि क्वचित झटके येण्यापर्यंत वेळ येते. म्हणून ताप, उलट्या किंवा जुलाब असतील त्या रात्री, किंवा संध्याकाळी पोहून-खेळून आल्यावर भरपूर पाणी प्यायलेले असेल त्या रात्री गोळी द्यायची नाही. याच धोक्यामुळे नाकात मारण्याचा फवारा शय्यामूत्रासाठी वापरू नये असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये सांगितले. इमिप्रामिन हे जुने आणि स्वस्त औषध काही ठिकाणी अजूनही दिले जाते. त्याचा डोस जास्त झाला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो, म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय ते घेऊ नये आणि घरात असेल तर धाकट्या भावंडाच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवावे.

सहल, शिबिर किंवा लग्न यांसाठी डेस्मोप्रेसिनचा मोठा आधार होतो, पण गोळी पहिल्यांदा सहलीच्या रात्री देऊन पाहणे हा जुगार आहे. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरी देऊन, किती डोस लागतो आणि त्यावर मूल खरेच कोरडे राहते का, हे पाहून घ्यावे. सोबत जाणाऱ्या एका शिक्षकाला विश्वासात घ्यावे आणि मुलाच्या पिशवीत गडद रंगाचे दोन पायजमे व एक घट्ट बंद होणारी पिशवी ठेवावी.

दहावीनंतर मूल शिक्षणासाठी वसतिगृहात जाणार असेल आणि त्रास अजून थांबलेला नसेल, तर अलार्मला लागणारा वेळ लक्षात घेऊन प्रवेशाच्या निदान चार-पाच महिने आधी बालरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ गाठावा. या वयापर्यंत टिकलेल्या त्रासात मूत्राशयाचा दोष जास्त वेळा सापडतो. तेव्हा तिथे सोनोग्राफी आणि लघवीच्या धारेची तपासणी करणे योग्य ठरते, आणि अलार्म व गोळी दोन्ही एकत्र वापरण्याचा पर्यायही डॉक्टरांसमोर असतो.